तदमुर (पाल्मिरा): २०१६ साली परत घेतलेलं शहर साडेआठ महिन्यांत हातचं कसं गेलं?

तेलविहीर_नाशिक
नमस्कार मंडळी. आठवडाभर कपाट आवरतोय. त्यात सिरियातले जुने फोटो सापडले आणि एक प्रश्न परत वर आला. इथे लष्करातली, इतिहासातली जाणती माणसं आहेत म्हणून विचारतो.

२००७ ते २००९ मी पूर्व सिरियातल्या देर-अझ-झोरच्या तेलक्षेत्रावर कामाला होतो. (तिथे ओएनजीसी विदेशचा हिस्सा होता, त्यामुळे चार-दोन मराठी डोकी कायम असायची.) दमास्कसहून कामावर जाताना गाडी तदमुरला थांबायची. पाल्मिराचं हे स्थानिक नाव. सव्वादोनशे किलोमीटर नुसतं उजाड माळरान, मध्ये 'बगदाद कॅफे' नावाची एक चहाची जागा, आणि मग एकदम खजुरीची हिरवी पट्टी. तिच्या मागे रोमन काळातले मधाच्या रंगाचे खांब, ओळीने उभे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी गाडीतून उतरलो आणि चप्पल गाडीतच राहिली हे पाय भाजल्यावर कळलं. संग्रहालयासमोर एक बारा-तेरा वर्षांचा मुलगा पोस्टकार्डं विकायचा. मी त्याला 'नमस्ते' शिकवलं होतं. पुढच्या खेपेला लांबूनच ओरडायचा.

मे २०१५ मध्ये आयसिसने शहर घेतलं. ऑगस्टमध्ये बालशमिनचं देऊळ आणि बेलचं देऊळ सुरुंग लावून उडवलं. २७ मार्च २०१६ ला सिरियन सैन्याने रशियन विमानांच्या जोरावर शहर परत घेतलं. त्या रात्री मी घरातल्या सगळ्यांना उठवून बातमी दाखवली. आणि ११ डिसेंबरला शहर पुन्हा आयसिसच्या ताब्यात! २ मार्च २०१७ ला पुन्हा सुटलं, पण तोवर आणखी बरंच पडलं होतं.

इतक्या गाजावाजाने घेतलेलं शहर इतक्या लवकर गेलं कसं? मुळात ती मोहीम शहरासाठी होती की आणखी कशासाठी?

भटकी_जमात
वाचतोय. फोटो टाका की काका.

सुभेदार_खटाव
माझी नोकरी पायदळात गेली, त्यातली सहा वर्षं राजस्थानच्या वाळूत. तेव्हा जे समजतं ते सांगतो.

नकाशा उघडून बघा. पश्चिमेकडून होम्सचा रस्ता येतो, नैर्ऋत्येकडून दमास्कसचा, आणि पुढे तोच रस्ता पूर्वेला देर-अझ-झोरला जातो. म्हणजे तदमुर हा नाका आहे. अख्ख्या वाळवंटात पाणी आणि रस्ते एकत्र येणारी तेवढीच मोठी जागा. आजूबाजूला गॅसची आणि तेलाची क्षेत्रं, शाएर आणि जझल. पश्चिमेला टी-फोर हा मोठा विमानतळ. हे सगळं पाहिलं तर देवळं नसती तरी ते शहर घ्यावंच लागलं असतं.

आता २०१६ चा मार्च. २७ फेब्रुवारीला सिरियातल्या इतर बंडखोर गटांशी शस्त्रसंधी लागू झाली. आयसिस त्यात नव्हती. त्यामुळे दुसऱ्या आघाड्यांवरची माणसं मोकळी झाली आणि ती इकडे आणता आली. हिजबुल्ला होते, अफगाण शिया लढवय्ये होते, वरून रशियन विमानं. शहराच्या पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या टेकड्या आधी घेतल्या. उघड्या मैदानात टेकडी ज्याची त्याचे डोळे. टेकडीवरचा जुना किल्ला हाती आला आणि दोन दिवसांत शहर पडलं.

विमानांना निशाणा दाखवायला जमिनीवर माणूस लागतो. असाच एक रशियन अधिकारी होता, अलेक्झांडर प्रोखोरेंको, वय २५. घेरला गेला तेव्हा त्याने स्वतःच्याच जागेवर बॉम्ब टाकायला सांगितले. बाजू कुठलीही असो, त्या पोराला माझा सलाम.

डिसेंबरचं उत्तर एका शब्दात: अलेप्पो. तेव्हा सरकारची चांगली तुकडी अन् तुकडी उत्तरेकडच्या अलेप्पो शहरात बंडखोरांशी चाललेल्या शेवटच्या लढाईत होती. तदमुरला मागे उरली ती पातळ फळी. पूर्वेला रक्का आणि देर-अझ-झोरचा बराच मुलूख आयसिसकडेच होता, मधलं वाळवंट मोकळं. आधी गॅसची ठाणी गेली, मग टेकड्या, मग शहर. चार दिवसांचा खेळ. पळताना रणगाडेसुद्धा मागे टाकले. ते रणगाडे आयसिसने वापरू नयेत म्हणून शेवटी अमेरिकेच्या आघाडीच्या विमानांनी बॉम्ब टाकले आणि १४ रणगाडे उडवले. सिरियन सरकारने गमावलेले, आयसिसने मिळवलेले आणि अमेरिकेने जाळलेले. यादवी म्हणतात ती हीच.

तेलविहीर_नाशिक
सुभेदारसाहेब, मनापासून आभार. टी-फोरवरून मी कितीदा गेलोय, पण या नजरेने कधी पाहिलं नव्हतं. फोटो स्कॅन करून टाकतो, जरा वेळ द्या.

चिकू_चिंचवड
एक बाळबोध शंका. तदमुर म्हणजे ताड-माड का? आणि इंग्रजीत ताडाला पाल्मायरा म्हणतातच की!

अनघा_बाई
चिकू, शंका झकास आहे. ताडाचं इंग्रजी नाव पोर्तुगीज 'पाल्मेइरा'वरून आलं, आणि या शहराच्या नावाच्या ओढीने त्याचं पाल्मायरा झालं. तदमुर हे नाव मात्र फार जुनं. रोमन तिथे पोचले त्याच्या हजाराहून जास्त वर्षं आधीच्या मातीच्या पाट्यांवर सापडतं. ताड आणि तदमुर यांची गाठ निव्वळ योगायोगाने पडली.

धाग्याबद्दल: मी शाळेत इतिहास शिकवते, त्यामुळे झेनोबिया आल्याशिवाय मला राहवणार नाही. हे शहर परत घेण्यासाठी सैन्य चालून येण्याची ही पहिली वेळ नव्हे. तिसऱ्या शतकात रोमचं साम्राज्यच तीन तुकड्यांत फुटलं होतं. पाल्मिराचा राजा ओदेनाथस मारला गेल्यावर त्याची राणी झेनोबिया हिने मुलाच्या नावाने कारभार हाती घेतला आणि २७० साली थेट इजिप्त जिंकलं. २७२ मध्ये सम्राट ऑरेलियन चालून आला. अँटिओक, एमेसा (आजचं होम्स), मग तदमुर. राणी फरात (युफ्रेटिस) नदीच्या दिशेने निसटताना पकडली गेली. ऑरेलियनने शहर राखलं, शिबंदी ठेवली आणि परतला. पुढच्याच वर्षी शहराने उठाव करून ती शिबंदी कापून काढली. तो परत आला आणि या वेळी शहर लुटलं.

सुभेदारांचं वाचताना मला हेच आठवत होतं. घ्यायचं, थोडी माणसं ठेवून निघून जायचं, आणि पुन्हा यायचं.

सुभेदार_खटाव
बाई, होम्सवरूनच आला ना? रस्ता तोच! सतराशे वर्षांत वाळवंटातला रस्ता बदलला नाही.

गोदाकाठची
माझं मत वेगळं आहे, स्पष्ट लिहिते. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाच्या अंदाजाप्रमाणे २०११ ते २०२१ या दहा वर्षांत सिरियात ३ लाख ६ हजारांहून जास्त नागरिक मारले गेले. सैनिक त्यात धरलेले नाहीत. त्यांच्यातल्या कितींची नावं आपल्याला माहीत आहेत? पण बेलचं देऊळ पडलं तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर छापलं. दगडांसाठी रडायला माझी हरकत नाही, पण या धाग्यातही आतापर्यंत तदमुरच्या लोकांबद्दल एक पोस्टकार्डवाला मुलगा सोडला तर कोणी काही लिहिलेलं नाही. त्या शहरात हजारो लोक राहत होते ना?

तेलविहीर_नाशिक
ताई, बोललात ते खरं आहे. लागलं मला.

अनघा_बाई
गोदाकाठची, तुमचं म्हणणं मान्य. म्हणूनच एका तदमुरकराचं सांगते. खालेद अल-असद. जन्म तिथलाच. १९६३ पासून २००३ पर्यंत, चाळीस वर्षं, तिथल्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख. मुलीचं नाव झेनोबिया ठेवलं होतं. आयसिस येणार असं दिसल्यावर संग्रहालयातल्या शेकडो मूर्ती शेवटच्या काही तासांत ट्रकमध्ये भरून दमास्कसला पाठवल्या गेल्या. असद मात्र मागे राहिले. वय ऐंशीच्या पुढे. त्यांना पकडून महिनाभर ठेवलं, लपवलेला ठेवा कुठे आहे ते विचारलं. १८ ऑगस्ट २०१५ ला भर चौकात त्यांचा शिरच्छेद केला. त्यानंतर आठवड्याभरात देवळं पडायला लागली.

त्या माणसाला दगड आणि माणसं वेगळी काढून दाखवा असं सांगितलं असतं तर त्याला जमलं नसतं.

मधुरा_म्युनिक
गोदाकाठची यांच्या प्रतिसादामुळे लिहायला बसले. मी इथे म्युनिकमध्ये वृद्धाश्रमात काम करते. आमच्या पाळीत एक सिरियन सहकारी आहेत, पन्नाशीचे, तदमुरचेच. पहिल्या दिवशी मी उत्साहाने म्हटलं, 'पाल्मिरा! किती सुंदर!' ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, 'सिरियात तदमुर म्हटलं की लोक आवाज खाली आणतात.'

कारण तिथला तुरुंग. अवशेषांपासून हाकेच्या अंतरावर. २६ जून १९८० ला तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष हाफेज अल-असद यांच्यावर हल्ल्याचा प्रयत्न झाला. (आडनाव मराठीत सारखं दिसलं तरी अरबीत वेगळं आहे, वरच्या खालेद अल-असदांशी नातं नाही.) दुसऱ्या दिवशी सकाळी सैनिक त्या तुरुंगात उतरवले गेले आणि कोठड्यांमधल्या शेकडो कैद्यांना गोळ्या घातल्या. त्यानंतरही वर्षानुवर्षं तिथे छळ चालू होता. आयसिसने शहर घेतल्यावर ३० मे २०१५ ला तो तुरुंग उडवला. सहकारी म्हणाले, देवळं पडली तेव्हा ते रडले. तुरुंग पडला तेव्हाही रडले, कारण त्या भिंतींवर कैद्यांनी खरडलेली नावं होती आणि आता पुराव्याला काही उरलं नाही.

म्हणून 'मुक्त केलं' हा शब्द ऐकला की ते मान हलवतात. त्यांच्या घरचे आयसिसच्या भीतीने पळाले आणि सरकारच्या भीतीने परतले नाहीत.

तेलविहीर_नाशिक
मधुराताई, मी त्या तुरुंगावरून किती वेळा गेलो असेन. चालक कधीच काही बोलला नाही. एकदा मीच विचारलं होतं, ती लांबलचक भिंत कसली? त्याने रेडिओचा आवाज वाढवला. आज कळलं का.

भटकी_जमात
अंगावर काटा आला.

पैठणचा_पोरगा
थोडं अवांतर, पण आपल्याकडचं आहे म्हणून लिहितो. पाल्मिराचे व्यापारी नुसते उंटवाले नव्हते, त्यांची जहाजंही होती. इसवी सन १५७ चा तिथला एक शिलालेख 'सिथिया'हून, म्हणजे सिंधूच्या मुखाकडच्या शक मुलखातून, जहाजाने परतलेल्या व्यापाऱ्यांचा आहे. माल इराणच्या आखातात उतरायचा, तिथून नदीकाठाने आणि मग उंटांवर तदमुरला. तिथल्या मनोऱ्यांसारख्या थडग्यांत चिनी रेशीम सापडलं आहे आणि सुती कापडही.

दुसरी गोष्ट तर भन्नाटच. अरबी समुद्रातल्या सोकोत्रा बेटावर होक नावाची खोल गुहा आहे. तिच्यात पाल्मिराच्या एका खलाशाने २५८ साली ठेवलेली लाकडी पाटी मिळाली, आणि त्याच गुहेच्या भिंतींवर ब्राह्मीत लिहिलेली कितीतरी नावं! त्यांत भडोचचे लोक आहेत. आणि भडोचला माल कुठून जायचा? ग्रीक खलाशाच्या 'पेरिप्लस'मध्ये लिहिलंय: पैठण आणि तगर, म्हणजे आपलं तेर, इथून गाड्या भरभरून. मी पैठणला नदीवर पोहायला शिकलो. तेव्हापासून ही साखळी डोक्यात ठेवून फिरतोय.

चिकू_चिंचवड
दादा, यावर वेगळा धागा हवाच! आणि जकात किती लागायची?

पैठणचा_पोरगा
तेही दगडावर कोरलेलं आहे. १३७ सालचा जकातीचा तक्ता, ग्रीक आणि पाल्मिरी अशा दोन भाषांत. उंटाच्या ओझ्यावर किती, गाढवाच्या ओझ्यावर किती, सुगंधी तेल दगडी बरणीत असेल तर किती आणि बकऱ्याच्या कातड्यात असेल तर किती. झऱ्याच्या पाण्याची पट्टी वर्षाला ८०० दिनार. हा दगड १९०१ मध्ये रशियात नेला, आज सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. नेला म्हणून वाचला, असं २०१५ नंतर म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. तो तदमुरचा आहे.

रानजाई
सेंट पीटर्सबर्गवरून आठवलं. ५ मे २०१६ ला तिथल्याच मारिन्स्की वाद्यवृंदाने पाल्मिराच्या रोमन नाट्यगृहात मैफल केली होती, वालेरी गेर्गिएव्ह संचालक. मी ती थेट पाहिली. मी स्वतः व्हायोलिन शिकते. दगडांवरून बाखचं संगीत उमटत होतं आणि मला वाटलं, असंच व्हायला हवं. जिथे आयसिसने कोवळ्या पोरांच्या हातून २५ सैनिकांना गोळ्या घातल्या, त्याच रंगमंचावर पुन्हा संगीत.

मधुरा_म्युनिक
रानजाई, तुझ्या भावना समजतात. पण त्याच दिवशी इदलिबमध्ये सर्मदाजवळच्या कमूना विस्थापित छावणीवर विमानहल्ला झाला. किमान २८ माणसं गेली, त्यांत मुलं होती. माझ्या सहकाऱ्यांच्या फोनवर एका बाजूला मैफल चालू होती आणि दुसऱ्या बाजूला जळलेल्या तंबूंचे फोटो येत होते. बाखने काही वाईट केलं नाही. पण पहिल्या रांगेत गणवेशातली माणसं बसली होती आणि शहराचे रहिवासी नव्हते.

रानजाई
हे मला माहीत नव्हतं. आता ती मैफल आठवली की हेही आठवेल.

सुभेदार_खटाव
मैफलीबद्दल फौजी म्हणून एक बोलतो. शहरात सुरुंग काढायचं काम सुरू होतं, पूर्वेला शत्रू जिवंत होता, आणि जगाला 'काम फत्ते' सांगून झालं होतं. गाजावाजा झाला की वरच्यांचं लक्ष पुढच्या आघाडीवर जातं. तेलविहीर यांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेही आहे.

दगडफोड्या
पुन्हा बांधणार का पण? लंडनला म्हणे कमान उभी केली होती.

अनघा_बाई
ती प्रतिकृती होती. एप्रिल २०१६, ट्रॅफल्गार चौकात, मूळ कमानीपेक्षा लहान, इजिप्तच्या संगमरवरातून यंत्राने कोरलेली. लोकांनी गर्दी करून फोटो काढले. मला ती पाहून रितं वाटलं.

खरी दुरुस्ती कशी असते ते अल-लात या देवीच्या सिंहात दिसतं. १५ टनांचा चुनखडीचा सिंह, पुढच्या पायांमध्ये एक हरिण निवांत बसलेलं. पोलिश संशोधकांना १९७७ मध्ये सापडला. पंजावर लेख आहे: या पवित्र जागेत जो रक्त सांडणार नाही त्याला अल-लात आशीर्वाद देवो. आयसिसने २०१५ मध्ये तो फोडला. पोलिश तज्ज्ञांनीच तुकडे गोळा केले आणि २०१७ मध्ये दमास्कसच्या संग्रहालयासमोर तो पुन्हा उभा राहिला. चेहऱ्यावरचे सांधे दिसतात. दिसू देत.

आणि जानेवारी २०१७ मध्ये, दुसऱ्या ताब्यात, आयसिसने जो टेट्रापायलॉन पाडला (चार चौथऱ्यांवर चार-चार खांब), त्यातला एकच खांब मूळ ग्रॅनाइटचा होता. बाकीचे १९६३ नंतर, खालेद अल-असदांच्या काळात, नव्याने घडवून उभे केलेले. सोळांपैकी चार उरले. म्हणजे पाडलं ते रोमनांच्या इतकंच त्या माणसाचंही काम होतं.

गोदाकाठची
अनघाताई, हे वाचून माझं आधीचं मत थोडं हललं. पूर्ण नाही. आधी घरांना छप्पर, मग खांब, हा क्रम मी सोडणार नाही. पण एक तुरुंग आणि एक पुरातत्त्वज्ञ, दोन्ही एकाच गावचे, हे आता विसरता येणार नाही.

तेलविहीर_नाशिक
सगळ्यांचे आभार. माझ्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं असं वाटतं: नाका घ्यायचा होता, तो घेतला. देवळांची चित्रं जगाला दाखवायची होती, ती दाखवली. आणि राखायची वेळ आली तेव्हा अलेप्पो मोठं ठरलं. तदमुरकर या हिशेबात कुठेच नव्हते. हे लिहिताना हात जड होतोय.

बारा फोटो आहेत. पहिला टाकलाय. त्यातला मुलगा तोच, पोस्टकार्डवाला. आता तिशीच्या आसपास असेल. मधुराताई, तुमच्या सहकाऱ्यांना दाखवता का? कोणी ओळखलं तर.

मधुरा_म्युनिक
काका, काल रात्रपाळीला दाखवला. मुलाला ते ओळखत नाहीत. पण फोन हातातून सोडेनात. दोन बोटांनी मोठा करून मुलाच्या मागचं पाहत होते. डाव्या कोपऱ्यात कच्च्या विटांची भिंत दिसते ना, खजुरीच्या बागेची? ती त्यांच्या गल्लीची भिंत. दोन घरं पुढे त्यांच्या वडिलांची बाग होती, डाळिंब आणि जैतुन. डिसेंबर २०२४ मध्ये बशर अल-असद यांची सत्ता गेली, त्यानंतर त्यांचा भाऊ घर बघून आला. छप्पर नाही, बाग वाळलेली, विहिरीचा पंप कोणीतरी काढून नेलाय. मात्र गल्लीत तीन कुटुंबं परतलीत.

त्यांच्याकडे गल्लीचा एकही फोटो उरलेला नाही. हा मोठ्या आकारात मिळेल का, असं विचारत होते. भावालाही पाठवायचा आहे.

तेलविहीर_नाशिक
मिळेल का काय विचारता! त्याच गल्लीत मी पुढे चालत गेलो होतो, अजून दोन फोटो असायला हवेत. निगेटिव्हही जपून ठेवल्यात. मुलगी उद्या सकाळी येतेय, तिच्याकडून मोठ्या आकारात स्कॅन करून घेतो आणि तुम्हाला बाराच्या बारा पाठवतो. त्यांना विचारा, डाळिंबाची बाग डाव्या हाताला की उजव्या?